सहा महिन्यांनंतरच्या बाळासाठी फोर्टिफाइड अन्न : निवड, प्रमाण आणि वापर

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की केवळ आईच्या दुधातून मिळणारी ऊर्जा त्याला पुरेनाशी होते आणि जन्माच्या वेळी शरीरात साठलेले लोहही याच सुमारास संपत आलेले असते. आईच्या एक लिटर दुधात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसते. ते चांगले शोषले जाते हे खरे, पण अमेरिकेतील आहारविषयक शिफारशींनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागते, आणि प्रौढ पुरुषाला लागते ८ मिलिग्रॅम. म्हणजे आठ किलोच्या बाळाला सत्तर किलोच्या माणसापेक्षा जास्त लोह अन्नातून मिळायला हवे, आणि त्याच्या पोटात एका वेळी मावते ते वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे पाव लिटरपेक्षाही कमी. घरचे ताजे अन्न आवडीने खाणारे मूलसुद्धा या वयात लोह आणि जस्त यांसारख्या सूक्ष्म पोषक घटकांत मागे पडते ते यामुळेच. फोर्टिफाइड, म्हणजे मुद्दाम पोषक घटक मिसळलेल्या, अन्नाचे काम ही तूट भरून काढण्याचे आहे. त्याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून ठेवली की निराशा पदरी येते आणि कधी कधी अपायही होतो.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला यातले काहीही द्यायचे नाही; त्याला केवळ आईचे दूध द्यावे. सहा महिन्यांनंतरही दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढे स्तनपान चालू ठेवून त्याच्या जोडीला वरचे अन्न द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या लेखातील सर्व सूचना ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी आहेत. दिवस पूर्ण होण्याआधी किंवा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांना लोहाचे थेंब लवकर सुरू करावे लागतात. त्यांचे प्रमाण वजनावरून ठरते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

घरातले फोर्टिफाइड मीठ-पीठ बाळापर्यंत किती पोहोचते

सर्वांच्या रोजच्या खाण्यातील एखाद्या पदार्थात पोषक घटक मोजून मिसळण्याची पद्धत शंभर वर्षांची आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून मिठात आयोडीन मिसळायला सुरुवात झाली आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या दिसणारा गलगंड पुढच्या काही दशकांत हटला. पीठ, तेल, तांदूळ, दूध यांचेही असेच फोर्टिफिकेशन आता अनेक देशांत होते. ते घरात असले तर चांगलेच, विशेषतः गर्भवती आणि स्तनदा आईसाठी, कारण आईला मिळणाऱ्या आयोडीनचा वाटा तिच्या दुधातून बाळाला पोहोचतो.

पण घरात फोर्टिफाइड पीठ येते म्हणून बाळाची सोय झाली, हा समज आकडेमोडीत टिकत नाही. समजा, पिठात किलोमागे ३० मिलिग्रॅम लोह मिसळलेले आहे. दिवसाला ३०० ग्रॅम पीठ खाणाऱ्या मोठ्या माणसाला त्यातून ९ मिलिग्रॅम लोह मिळेल. बाळ मात्र जेमतेम ३० ग्रॅम पीठ खाईल आणि त्याच्या वाट्याला ०.९ मिलिग्रॅम येईल. त्यातलेही सगळे शोषले जात नाही, कारण धान्य आणि कडधान्यांतील फायटेट नावाचा घटक लोहाला बांधून ठेवतो. मिठाचेही तसेच आहे. एक वर्षाच्या आतील बाळाच्या अन्नात मीठ घालायचेच नसते, त्यामुळे मिठातून त्याला थेट काही मिळावे अशी अपेक्षा धरू नये. या वयासाठी वेगळे, कमी प्रमाणात खाऊनही भरपूर पोषक घटक देणारे अन्न लागते, आणि त्याचे व्यवहारात तीन प्रकार उपलब्ध असतात.

तीन प्रकार आणि ज्याला यात धरू नये असा चौथा

पहिला प्रकार म्हणजे लहान मुलांसाठी तयार केलेले फोर्टिफाइड धान्यमिश्रण, जे पाण्यात किंवा दुधात शिजवून अथवा कालवून त्याची लापशी करतात. हे स्वतंत्र अन्न आहे. त्यातून ऊर्जा, प्रथिने आणि सूक्ष्म घटक असे तिन्ही मिळते. जागतिक अन्न कार्यक्रमातून दिले जाणारे मका, सोयाबीन, दूध पावडर, तेल आणि साखर यांचे मिश्रण याच जातीचे. बाजारातील मुलांची तयार सिरियल्सही यातच मोडतात, पण त्यांच्या दर्जात फार मोठा फरक असतो; त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुसरा प्रकार म्हणजे सूक्ष्म पोषक घटकांची पूड, एका ग्रॅमच्या लहान पुडीत मिळणारी. टोरंटोच्या बालरुग्णालयातील डॉ. स्टॅन्ली झ्लॉटकिन यांनी १९९०च्या दशकात ही कल्पना विकसित केली. लोहाची औषधे मुलांना आवडत नाहीत, दातांवर डाग पडतात आणि मात्रा चुकते, म्हणून लोहाच्या कणांवर स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण चढवून ती पूड घरच्याच अन्नात मिसळायची, अशी ही योजना आहे. पुडीतून ऊर्जा किंवा प्रथिने मिळत नाहीत. २०२०च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, या पुडीमुळे रक्तक्षयाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी आणि लोहाच्या कमतरतेचा धोका सुमारे ५३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले, पण मुलांच्या उंची-वजनात लक्षणीय फरक दिसला नाही. ही गोष्ट पालकांना आधीच सांगितलेली बरी, नाहीतर महिन्याभराने वजनकाट्यावर काहीच हलले नाही म्हणून पुडी बंद केली जाते.

तिसरा प्रकार म्हणजे शेंगदाणे, तेल, दूध पावडर आणि जीवनसत्त्वे-खनिजे यांची दाट पेस्ट, जी दिवसाला साधारण २० ग्रॅम दिली जाते. त्यातून ११० ते १२० किलोकॅलरी ऊर्जा, शरीराला आवश्यक मेदाम्ले आणि दिवसाच्या सूक्ष्म घटकांचा मोठा हिस्सा मिळतो. चौदा चाचण्यांतील ३७ हजारांहून अधिक मुलांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ही पेस्ट घेणाऱ्या मुलांत उंची खुंटण्याचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी आणि हडकुळेपणाचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळले. जिथे अन्नच अपुरे आहे तिथे या तिघांत माझा कौल पेस्टला आहे. जिथे पोटभर खायला आहे पण ताट एकसुरी धान्याचे आहे, तिथे पुडी पुरेशी ठरते.

चौथी वस्तू दिसायला या पेस्टसारखीच असते, म्हणून गोंधळ होतो. ती म्हणजे तीव्र कुपोषित मुलांसाठीचे उपचारात्मक अन्न. त्याचे ९२ ग्रॅमचे एक पाकीट ५०० किलोकॅलरी देते आणि ते उपचाराचा भाग म्हणून, वजनानुसार मोजून, आरोग्यसेवकांच्या देखरेखीखाली दिले जाते. प्रतिबंधासाठी ते नाही. एका मुलासाठी मिळालेली पाकिटे घरातल्या सर्व मुलांत वाटणे तर दोन्ही बाजूंनी नुकसानीचे आहे, कारण आजारी मुलाची मात्रा अपुरी पडते आणि निरोग्याचे जेवण मोडते.

कोणते निवडावे हे ठरवताना

निवडीपूर्वी दोन-तीन दिवस बाळ प्रत्यक्षात काय खाते ते लिहून काढावे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी या वयासाठी आठ अन्नगट धरले आहेत : आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, कडधान्ये-दाणे-तेलबिया, दूध व दुग्धजन्य पदार्थ, मांस व मासे, अंडी, अ जीवनसत्त्वयुक्त फळे व भाज्या, आणि इतर फळे व भाज्या. आदल्या दिवशी यांपैकी किमान पाच गटांतील काही ना काही बाळाच्या पोटात गेले असेल तर त्याच्या आहारात किमान विविधता आहे असे समजतात. मांस, मासे किंवा अंडी रोज मिळत असतील आणि पाच-सहा गट भरत असतील, तर पालकांनी स्वतःहून पुडी किंवा पेस्ट सुरू करण्याचे फारसे कारण राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही पुडीची शिफारस सरसकट केलेली नाही. ज्या लोकसंख्येत दोन किंवा पाच वर्षांखालील मुलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक आहे, तिथे ती द्यावी असे २०१६च्या मार्गदर्शक सूचनेत म्हटले आहे.

गट भरत नसतील तर कोणता गट रिकामा आहे ते पाहावे. मांसाहार आणि अंडी दोन्ही नसतील तर लोह, जस्त आणि ब-१२ यांची तूट गृहीत धरावी. तेल-तूप, दाणे आणि दूध क्वचितच असेल तर ऊर्जेचीही तूट आहे आणि तिथे पुडीने भागणार नाही. फोर्टिफाइड धान्यमिश्रण किंवा पेस्ट यांचा विचार करावा. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी माहीत असेल तर ती पेस्ट देऊ नये. थॅलेसेमिया किंवा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला लोह मिसळलेले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण अशा मुलांच्या शरीरात लोह आधीच साचत असू शकते.

मलेरियाच्या प्रदेशात आणखी एक अट आहे. टांझानियातील पेंबा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड देण्याच्या चाचणीत, इस्पितळात दाखल होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर मच्छरदाणी, लवकर निदान आणि उपचार यांची सोय असेल तरच अशा प्रदेशात लोहयुक्त पुडी द्यावी, असे धोरण ठरले.

पाकिटावर काय वाचावे

पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून मागचा तक्ता वाचावा. पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे वय. ‘मुलांसाठी’ असे लिहिलेले पौष्टिक पेय पाच वर्षांच्या मुलासाठी बनवलेले असू शकते आणि त्यातील टक्केवारी मोठ्या मुलाच्या किंवा प्रौढाच्या गरजेवरून काढलेली असू शकते. टक्केवारी दिली असेल तर ती कोणत्या वयोगटाची आहे ते खाली बारीक अक्षरांत दिलेले असते. तिथे ६ ते २३ महिने किंवा तत्सम उल्लेख नसेल तर टक्केवारीकडे दुर्लक्ष करून मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम पाहावेत.

मग प्रमाण पाहावे. आकडे १०० ग्रॅमला आहेत की एका वेळच्या खाण्याला, हे प्रथम पाहावे, कारण १०० ग्रॅमला १० मिलिग्रॅम लोह हे वाचायला भरघोस वाटले तरी बाळ एका वेळी २५ ग्रॅम कोरडे मिश्रण खात असेल तर त्याला अडीच मिलिग्रॅमच मिळते. तक्त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम दुधात कालवलेल्या लापशीचे धरलेले आहेत का, हेही तपासावे. पाण्यात कालवणाऱ्या घरात ते आकडे लागू होत नाहीत. लोह, जस्त, अ जीवनसत्त्व, आयोडीन आणि फोलेट हे पाच घटक तरी तक्त्यात असले पाहिजेत. केवळ ‘लोहयुक्त’ लिहिलेले मिश्रण हे फोर्टिफाइड असले तरी या वयाच्या तुटीपैकी एकच बाजू सांभाळते.

लोह कोणत्या रूपात आहे हेही जिज्ञासूंनी पाहावे. फेरस फ्युमरेट आणि फेरस सल्फेट चांगले शोषले जातात. सोडियम आयर्न ईडीटीए फायटेट भरपूर असलेल्या धान्यातही काम करते. ‘रिड्यूस्ड आयर्न’ किंवा नुसते ‘आयर्न पावडर’ लिहिलेले असेल तर शोषण कमी होते. ते स्वस्त असते आणि पिठाची चव बिघडवत नाही, म्हणून वापरले जाते. क जीवनसत्त्व त्याच मिश्रणात असेल तर लोहाचे शोषण सुधारते.

घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा फळांच्या रसाचा अर्क असेल तर ते मिश्रण घेऊ नये, मग त्यात कितीही जीवनसत्त्वे असोत. गोड चवीची सवय या वयात लागली की साधे अन्न नाकारले जाते, आणि साखरेने भरलेल्या लहान पोटात बाकी काही मावत नाही. एक वर्षावरील मुलांसाठी ‘वाढीचे दूध’ म्हणून विकले जाणारे फॉर्म्युले तर सरळ टाळावेत. १२ ते २३ महिन्यांच्या मुलांना असा ‘फॉलो-अप फॉर्म्युला’ देण्याची शिफारस नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. या डब्यांवरच्या जाहिरातीला पालक सर्वांत जास्त भुलतात, असे माझे निरीक्षण आहे.

पुडी मिसळण्याची पद्धत

पुडी देणे सोपे आहे, पण ती कशात, किती वेळाने आणि किती अन्नात घातली यावर तिचा सगळा उपयोग अवलंबून असतो. हात साबणाने धुवावेत. बाळाचे अन्न नेहमीप्रमाणे शिजवून, मऊ करून, चमच्यावरून लगेच ओघळणार नाही इतपत घट्ट ठेवावे. ते खाण्याइतके कोमट होऊ द्यावे, कारण लोहावरचे आवरण सुमारे ६० अंश सेल्सियसच्या वर वितळते. मग अन्नाचा रंग काळपट होतो, धातूसारखी चव येते आणि एकदा ती चव लक्षात राहिली की बाळ पुढच्या वेळीही तोंड फिरवते. म्हणूनच पुडी शिजतानाच्या अन्नात कधीही टाकू नये, आणि घातल्यावर अन्न पुन्हा गरम करू नये.

ताटलीतील अन्नातून दोन-तीन घास होतील एवढा भाग एका कडेला काढावा. पुडी हलवून, कोपरा फाडून, सगळी पूड त्या लहान भागात नीट कालवावी आणि तो भाग बाळाला आधी भरवावा. उरलेले साधे अन्न नंतर द्यावे. सगळ्या ताटलीत पूड मिसळली आणि बाळाने अर्धेच खाल्ले, तर अर्धी मात्रा वाया जाते. पूड मिसळलेले अन्न अर्ध्या तासाच्या आत संपवावे, त्यानंतर रंग बदलू लागतो. पाणी, दूध किंवा पातळ सूपात पूड घालू नये. आवरणामुळे ती वर तरंगते आणि भांड्याला चिकटून राहते. एका मुलाची पुडी भावंडांत वाटू नये.

रोजची मात्रा एक पुडी, त्याहून अधिक नाही. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या पुडीत १० ते १२.५ मिलिग्रॅम लोह, ३०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व आणि ५ मिलिग्रॅम जस्त असते, आणि सहा महिन्यांत ९० पुड्या पूर्ण करणे हे उद्दिष्ट असते. म्हणजे तीन महिने रोज देऊन पुढे विश्रांती घेता येते किंवा सहा महिने एक दिवसाआड देता येते; स्थानिक आरोग्यसेवक सांगतील तो क्रम पाळावा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पुड्या देऊन भरपाई करू नये. सुरुवातीच्या आठवड्यात शौच काळपट होते, क्वचित पातळ होते किंवा कडक होते. काळा रंग हा न शोषल्या गेलेल्या लोहाचा असतो आणि तो निरुपद्रवी आहे.

लोहाचे शोषण वाढवायचे असेल तर त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलेल्या ताज्या फळाचा थोडा गर किंवा थोडे मांस, मासे द्यावेत. चहा-कॉफी या वयात द्यायचीच नाही, पण जिथे घोटभर चहा पाजण्याची सवय आहे तिथे ती मोडण्याचे हे आणखी एक कारण आहे. पूड आणि मोठे कपभर दूध एकाच वेळी देणेही टाळावे, कारण कॅल्शियम लोहाच्या आड येते.

धान्यमिश्रण : पातळ करू नये

फोर्टिफाइड धान्यमिश्रणाची सर्वांत मोठी हानी होते ती स्वयंपाकघरात, जास्त पाणी घालून. बाळाला गिळायला सोपे जावे म्हणून किंवा पाकीट जास्त दिवस पुरावे म्हणून लापशी पातळ केली की पोट तेवढेच भरते आणि ऊर्जा निम्मी मिळते. वरच्या अन्नात दर ग्रॅममागे किमान ०.८ किलोकॅलरी असावी, असे मानले जाते. आईचे दूध सर्वसाधारण प्रमाणात मिळणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून ६ ते ८ महिन्यांत दिवसाला सुमारे २००, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि १२ ते २३ महिन्यांत ५५० किलोकॅलरी लागतात. ०.८ च्या लापशीने २०० किलोकॅलरी भरायला पाव किलो लापशी लागते, जी दोन-तीन वेळांत जाते. पण ५५० भरायला जवळजवळ सातशे ग्रॅम लागेल. म्हणून वर्षानंतर अन्न अधिक घट्ट, अधिक स्निग्ध आणि अधिक वेळा द्यावे लागते : ६ ते ८ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा, आणि गरजेप्रमाणे मध्ये एक-दोन वेळा हलके खाणे.

एक चमचा तेल किंवा तूप सुमारे ४० किलोकॅलरी वाढवते आणि अ जीवनसत्त्वाच्या शोषणालाही मदत करते. मात्र तेलाचा अतिरेक केला तर प्रथिनांचे प्रमाण घटते, म्हणून एका वेळेला एक चमचा पुरे. घट्ट लापशी बाळाला गिळता येत नसेल तर पाणी वाढवण्याऐवजी मोड आलेल्या धान्याचे वाळवून दळलेले पीठ अर्धा-एक चमचा वापरावे. शिजवून थोड्या निवलेल्या घट्ट लापशीत ते मिसळून काही मिनिटे ठेवले की त्यातील अमायलेज हे पाचक विकर पिष्टमय पदार्थ तोडते आणि लापशी आपोआप सैल होते. त्यानंतर ती पुन्हा एकदा उकळून घ्यावी. उकळत्या लापशीत ते टाकले तर उष्णतेने अमायलेज निकामी होते आणि काहीच घडत नाही.

मिश्रणात मध घालू नये. एक वर्षाच्या आत मधामुळे बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. कोरडी मिश्रणे निर्जंतुक नसतात, म्हणून उकळलेले पाणी वापरावे, लागेल तेवढेच करावे आणि तयार लापशी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. भरवण्यासाठी बाटली न वापरता वाटी-चमचा वापरावा.

एका मुलाला एकच

पुडी, पेस्ट, फोर्टिफाइड सिरियल, लोहाचे सिरप आणि जीवनसत्त्वांचे थेंब या सगळ्यांत तेच घटक पुन्हा पुन्हा असतात. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी अमेरिकेतील सुरक्षित कमाल मर्यादा अ जीवनसत्त्वाची दिवसाला ६०० मायक्रोग्रॅम आणि जस्ताची ७ मिलिग्रॅम आहे. एका पुडीतच ३०० मायक्रोग्रॅम अ आणि ५ मिलिग्रॅम जस्त आहे, तेव्हा पुडीच्या जोडीला पेस्ट दिली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. एखादा दिवस असे झाले तर घाबरण्याचे कारण नाही, पण रोजची पद्धत म्हणून ते चालणार नाही. घरातल्या सर्व डब्यांचे तक्ते समोर ठेवून लोह, अ जीवनसत्त्व आणि जस्त या तिघांची बेरीज कागदावर करावी आणि त्यातील एकच मुख्य स्रोत ठेवावा. दर काही महिन्यांनी मोहिमेत दिला जाणारा अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस ही वेगळी गोष्ट आहे. तो घेताना बाळाला रोज काय दिले जाते ते आरोग्यसेवकाला सांगावे.

पुड्या आणि विशेषतः लोहाची सिरपे मुलांच्या हाताला लागतील अशा जागी ठेवू नयेत. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमपासून लोहाची विषबाधा दिसू लागते आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे ती जिवावर बेतू शकते. एका पुडीत लोह कमी असल्याने तिचा धोका थोडा, पण गोड सिरपची बाटली लहान मुलाने तोंडाला लावली तर ताबडतोब इस्पितळ गाठावे.

साठवण आणि आजारपण

अ जीवनसत्त्व उजेडाने आणि उष्णतेने, क जीवनसत्त्व उष्णतेने आणि मिठातील आयोडीन ओलाव्याने कमी होते. चुलीशेजारची फळी ही त्यामुळे सर्वांत वाईट जागा. घट्ट झाकणाचा, अपारदर्शक डबा कोरड्या, थंड जागी ठेवावा. मिश्रणाला खवट वास येत असेल तर ते टाकून द्यावे, कारण लोहामुळे त्यातील स्निग्ध पदार्थ लवकर खराब होतात. मका आणि शेंगदाणे यांच्यावरील बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही, म्हणून घरी मिश्रण करताना बुरशी दिसलेले किंवा काळवंडलेले दाणे निवडून काढणे पुरेसे न मानता तो साठाच वापरू नये.

जुलाब किंवा ताप असताना बाळाची भूक कमी होते. स्तनपान वाढवावे, अन्न थोडे थोडे अधिक वेळा द्यावे आणि बरे झाल्यावर काही दिवस नेहमीपेक्षा एक वेळ जास्त भरवावे. जुलाबात दिले जाणारे जस्त आणि क्षारसंजीवनी हा स्वतंत्र उपचार आहे. फोर्टिफाइड लापशी त्याची जागा घेत नाही. मलेरियाचा ताप असेल तर बरे होईपर्यंत पुडी थांबवून डॉक्टरांना विचारावे.

परिणाम तपासताना

दर महिन्याला वजन आणि दर दोन-तीन महिन्यांनी लांबी मोजून वाढीच्या तक्त्यावर नोंदवावी. एकट्या वजनाचा ठिपका फारसे सांगत नाही. सलग दोन-तीन ठिपक्यांची रेषा सपाट झाली किंवा खाली वळली तर कारण शोधावे. सहा महिन्यांवरील मुलाच्या दंडाचा घेर मोजणे घरीही शक्य आहे : डाव्या दंडाच्या मधोमध, हात सैल सोडून, पट्टी न आवळता मोजावे. घेर १२५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर मध्यम आणि ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषण समजतात. दोन्ही पावलांवर सूज असेल, म्हणजे अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहत असेल, तर घेर कितीही असो, तेही तीव्र कुपोषणच. अशा मुलाला पुडी किंवा बाजारचे सिरियल देत थांबू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे आणि आतापर्यंत काय दिले ते सांगता यावे म्हणून वापरातली पाकिटे व डबे सोबत घ्यावेत, कारण तिथे सुरू होणाऱ्या उपचारात्मक अन्नात लोह आधीच असते आणि घरची लोहयुक्त पूड त्या काळात बंद ठेवावी लागते.